'डर्टी' गिटार : घाणेरडी, कळकट की फाटकी?

कोमलनिषाद
सिॲटलच्या ग्रंज (ऐंशी-नव्वदच्या दशकांतला खरखरीत अमेरिकी रॉक) बँडांवरच्या एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. मडहनी या बँडच्या 'सुपरफझ बिगमफ' (१९८८) या ईपीबद्दलच्या (अल्बमपेक्षा छोटी ध्वनिमुद्रिका) वाक्यावर गाडी अडली. तिथे गिटारच्या आवाजाला 'डर्टी' म्हटलंय, कौतुकानं. पुढे असंही म्हटलंय की या आवाजाचं 'अपील' सर्वदूर होतं आणि या बँडांचं मोठेपण त्यातच आहे. 'घाणेरडा आवाज' म्हटलं की मराठीत ती निंदा होते. 'मलिन' वस्त्राला किंवा प्रतिमेला लागतं, आवाजाला नाही. 'डर्टी टोन' तसंच ठेवू नये, असा संपादकांचा आग्रह आहे. शब्द सुचवा.

रानवारा
कळकट. मळ आहे, पण तो वापरानं आलेला, हे त्यात येतं.

जोडाक्षर
विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत 'विरूपण' आहे. विरूपित ध्वनी. आपल्याकडे घडवलेला शब्द असताना तो वापरायचा नाही, हे मला पटत नाही.

खुंटी
विरूपण म्हणजे मूळ लहरीचा आकार बदलणं, एवढंच. तो कसा बदलला ते त्यातून कळत नाही. मराठीत ध्वनिव्यवस्थेची कामं करणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल, "आवाज फाटतोय." मला तोच शब्द अचूक वाटतो. गेन (ध्वनिसंकेताची वाढ) मर्यादेपलीकडे गेला की लहरीचे शेंडे सपाट कापले जातात. शेंडे कापले की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे नवे स्वर तयार होतात. वरचे आणि खालचे शेंडे सारखेच कापले, तर मुख्यतः विषम पटींचे. कानाला खरखर लागते ती हीच.

आणि लेखातला ईपी हेच उदाहरण असेल तर एक तपशील हाताशी ठेवा : ते शीर्षक गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या दोन पेडलांच्या नावांवरून आलंय. युनिव्हॉक्सचा सुपर-फझ आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बिग मफ. सुपर-फझ शेंडे कापतो आणि शिवाय वरच्या सप्तकातला स्वर मिसळतो. जुन्या बिग मफमध्ये चार ट्रान्झिस्टर असतात आणि मधल्या दोन टप्प्यांवर डायोड आवाज कापतात. त्याचा टोनचा नॉब मध्यावर ठेवला की एक किलोहर्ट्झच्या आसपास खळगा पडतो, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज दबतो. म्हणून खोलीत एकट्यानं वाजवला तर मफ प्रचंड वाटतो आणि ड्रम, बेस सुरू झाले की गिटार गायब होते. उपाय साधा आहे : गेन निम्म्यावर आणा आणि ॲम्प्लिफायरचे मिड (मधली पट्टी) वाढवा. गेन पूर्ण उघडणं ही नेहमीची चूक, त्यात तारेवरचा आघातच पुसला जातो.

रानवारा
पण 'फाटणं' हा दोष आहे ना? लग्नातल्या लाऊडस्पीकरचा आवाज फाटतो तेव्हा लोक कान झाकतात.

खुंटी
म्हणून 'फाटलेला' नको, 'फाडलेला'. आपोआप फाटतो तो दोष. ठरवून फाडला तर ती शैली. मराठीत हा फरक एका अक्षरात होतो, इंग्रजीला 'डर्टी'त तो करता येत नाही.

कोमलनिषाद
'फाडलेला' आवडला. पण 'फाडलेली गिटार' लिहिलं तर वाद्य मोडलं असं वाटेल. 'फाडलेल्या आवाजाची गिटार' लांबतं.

मंद्रसप्तक
इतकं लांब जायची गरजच नाही. हेतूपूर्वक खरखर आणण्यासाठी आपल्याकडे शेकडो वर्षं शब्द आहे : जवारी. मिरजेच्या तंबोऱ्याला कारागीर जवारी लावतात, ती काय वेगळी? तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा रुंद, किंचित उतरता घासायचा, खाली सूत सरकवायचं, तार माथ्याला चाटत राहते आणि आवाज झणझणतो. 'जवारीदार गिटार' म्हणा, मराठी कानाला लगेच कळेल.

खुंटी
कळेल, पण चुकीचं कळेल. तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी स्वतंत्र असते. पंचमाची तार आणि जोडाच्या तारा एकमेकींत मिसळून नवे स्वर जन्माला घालत नाहीत. फझमध्ये सगळ्या तारा एकाच सर्किटमधून जातात, त्यामुळे दोन स्वरांच्या वजाबाकीचाही स्वर तयार होतो. ग्रंजची अर्धी हार्मनी इथे ठरते.

सा आणि प एकत्र फाडा. त्यांचं प्रमाण २:३, म्हणून वजाबाकी सा च्या निम्मी, म्हणजे एक सप्तक खालचा सा. गिटारची जाड ई तार ८२.४ हर्ट्झवर असते, तिच्यासोबत पंचम धरला की ४१.२ हर्ट्झच्या आसपास गुरगुर येते. कुणी न वाजवलेला खर्ज. आता त्यात गंधार घाला. ४:५ या प्रमाणानं वजाबाकी दोन सप्तकं खाली, २० हर्ट्झच्या आसपास जाते, तिथे कानाला स्वर न कळता नुसती थरथर कळते. शिवाय गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा, त्यामुळे वजाबाकीचा स्वर अर्ध्या स्वराच्या सुमारे दोनतृतीयांशानं सरकतो आणि सा शी जुळतच नाही. पॉवर कॉर्डमधून (रॉक गिटारवरची नुसत्या सा-प ची जुळणी) गंधार गाळतात तो यासाठी.

मंद्रसप्तक
षड्ज-पंचमावर उभं असलेलं संगीत आणि खालून आपोआप येणारा खर्ज. तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

दक्षिणायन
कळकटवर परत येतो. हा शब्द कपड्यांना चिकटलेला आहे आणि नेमका तोच धोका आहे. ग्रंज आवाजावरून कपड्यांवर घसरलं ते १९९२ मध्ये : फॅशन डिझायनर मार्क जेकब्सनं पेरी एलिस या कंपनीसाठी ग्रंज कपड्यांचं कलेक्शन केलं, फ्लॅनेलच्या चौकडीचा शर्ट रेशमात शिवला आणि त्याची नोकरी गेली. स्वस्त, ऊबदार शर्ट होता तो, सिॲटलच्या ओल्या हवेत घालायचा. 'कळकट' वापरलात तर वाचक पुन्हा शर्टाकडेच बघेल.

उंबरठा
'ग्रंज' आणि आपला 'गंज' यांचा संबंध कुणी तपासलाय का? लोखंडावर चढतो तो गंज. किट्ट, किटण, गंज... सगळं चढलेल्या थराचंच.

जोडाक्षर
'गंज' फारसी 'झंग'चा उलटापालटीनं झालेला शब्द असावा, हिंदीत 'जंग' राहिला. इंग्रजीशी संबंध नाही. 'किटण' मात्र चांगला सुचवलात. संस्कृत 'किट्ट', लोहकिट्ट म्हणजे मंडूर. 'किटणदार आवाज'! याला कुणी परका म्हणू शकणार नाही.

दक्षिणायन
'ग्रंजी' ही अमेरिकी बोलीतली, साठच्या दशकातली. पुढे मडहनीचा गायक झालेल्या मार्क आर्मनं १९८१ मध्ये सिॲटलच्या एका छोट्या नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच्याच तेव्हाच्या बँडला ग्रंज म्हटलं, नापसंतीच्या सुरात. १९८७ मध्ये सब पॉप या सिॲटलच्या रेकॉर्ड कंपनीनं ग्रीन रिव्हर या बँडच्या ईपीच्या जाहिरातीत तोच शब्द मिरवला. निंदेचा शब्द सहा वर्षांत विक्रीचा झाला. म्हणून 'घाणेरडा' इतक्या लवकर फेकू नका, मूळ शब्दानंही हाच प्रवास केलाय.

आणि शब्दांचा विषय आहेच, तर नोव्हेंबर १९९२. न्यूयॉर्क टाइम्सनं ग्रंजच्या बोलीभाषेचा छोटा कोश छापला. तो पूर्ण बनावट होता. सब पॉपमध्ये आधी काम केलेल्या मेगन जॅस्परनं फोनवर रचून सांगितला होता. गावाबाहेरच्या माणसानं गावाची बोली लिहून घेताना एवढं तपासावं की ती कुणी बोलतं का. किटणदार कोण बोलतं?

जोडाक्षर
कुणी बोलत नाही म्हणून रुजवायचा नाही, तर मराठीत नवा शब्द येणार कुठून? 'दूरदर्शन' कुणाच्या आजीच्या तोंडात होता?

खुंटी
'दूरदर्शन' सरकारी यंत्रणेनं रोज कानावर घातला. अनुवादकाच्या हाती एक लेख आहे.

कोमलनिषाद
'अपील'बद्दल कुणीच बोललं नाही. 'आवाहन' नको, ते रक्तदानाचं होतं. 'अपील' कोर्टात नाहीतर पंचाकडे.

रानवारा
नाम सोडा, क्रियापद घ्या. 'भिडणं'. ही गाणी दूरदूरच्या लोकांना भिडली. बाकी काही लागत नाही.

दक्षिणायन
भिडली का, हाच प्रश्न आहे. ती फाडलेल्या आवाजामुळे भिडली, हे लेखाचं विधान मला चूक वाटतं. निर्वाणा या बँडचा 'ब्लीच' जून १९८९ चा, जॅक एंडिनोनं आठ ट्रॅकवर ६०६ डॉलर १७ सेंटांत ध्वनिमुद्रित केला. आवाज भरपूर फाडलेला, पण श्रोते थोडे. त्यांचाच 'नेव्हरमाइंड' २४ सप्टेंबर १९९१ ला आला आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनला खाली सारून बिलबोर्डवर (अमेरिकेतली विक्रीची यादी) पहिला. मधे बदललं काय? निर्माता बुच विगनं गायक कर्ट कोबेनकडून आवाज दुहेरी गाऊन घेतला, लेननचं नाव काढून त्याला राजी केलं. अँडी वॉलेसनं मिक्समध्ये ड्रमांखाली ध्वनिमुद्रित नमुने (सॅम्पल) आणि रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, घातला. कडव्यात गिटार साफ, ध्रुपदात पेडल दाबलेला. या चढउतारानं आणि सरळ गुणगुणता येणाऱ्या चालींनी तो अल्बम घरोघरी गेला. कोबेनला ही झिलई पुढे खुपली आणि १९९३ मध्ये 'इन युटेरो'साठी तो ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे गेला, हेही लेखात हवं.

मंद्रसप्तक
मग पर्ल जॅमचं काय? त्यांच्या 'टेन' या अल्बममधला आवाज फाडलेला कमी, प्रतिध्वनीत भिजलेला जास्त. ब्रेंडन ओब्रायननं २००९ मध्ये तो नव्यानं मिक्स केला तेव्हा गिटार कोरड्या होऊन समोर आल्या. 'फाडलेला' ही ग्रंजची खूण धरली तर पर्ल जॅम बाहेर पडतो, आणि अमेरिकेत १ कोटीच्या वर विकला गेलेला तो अल्बम वगळून 'सर्वदूर'ला अर्थ उरत नाही. त्यांचा गायक वेडर याचा खर्ज हेच त्यांचं भिडणं.

खुंटी
खूण आवाजात नको, वजनात शोधा. ड्रॉप डी : सगळ्यात जाड तार एक स्वर उतरवायची, खालच्या तीन तारा सा-प-सा होतात आणि एका बोटात पॉवर कॉर्ड. हे ब्लॅक सॅबथ या बँडच्या संथ वजनातून मेल्विन्स या बँडनं उचललं आणि त्यांच्याकडून गावभर गेलं. साउंडगार्डन त्यात सात मात्रा घालतं, 'स्पूनमन'चा मुख्य तुकडा सातचा आहे. रूपक मोजत बसू नका, इथे पहिल्या मात्रेवर काल (खाली) नाही, घाव आहे. ॲलिस इन चेन्स सगळ्या तारा आणखी अर्धा स्वर उतरवून 'देम बोन्स'चं कडवं सातात टाकतं. इतकं उतरवायचं तर जाड तार ४६ ची नको, ५२ ची (जाडी, इंचाचे हजारांश) घ्या आणि घोडीवर इंटोनेशन (पडद्यांवरची सुरेलता) पुन्हा लावा. नाहीतर ढिली तार जोरात छेडली की आधी चढी वाजते मग उतरते, आणि पडद्यांवर बडबडते.

माझ्या मते निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन आणि ॲलिस इन चेन्स या चौघांत थोर साउंडगार्डन. सातात वाजवून मार्च १९९४ मध्ये त्यांचा 'सुपरअननोन' पहिल्याच आठवड्यात अव्वल आला.

रानवारा
'थोर' नको. थोर संत असतात. 'मोठा बँड' म्हणा.

दक्षिणायन
ॲलिस इन चेन्सला मी वर ठेवतो. त्यांचे दोन गायक स्टेली आणि कँट्रेल यांचे आवाज इतके जवळच्या अंतरावर चालतात की कोण वर कोण खाली कळत नाही. जानेवारी १९९४ चा 'जार ऑफ फ्लाइज' बिलबोर्डवर थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेला पहिला ईपी, आणि तो बहुतांश अकूस्टिक आहे. तिथे फाडण्याचा प्रश्नच नाही.

कोमलनिषाद
मला अजून मडहनीसाठी विशेषण हवंय.

जोडाक्षर
किटणदार.

उंबरठा
सगळे चौघांचीच मोठेपणाची मोजणी करताय. एल सेव्हन या स्त्रियांच्या बँडचा 'ब्रिक्स आर हेवी' १९९२ चा, निर्माता तोच बुच विग, आणि गिटार इथे चर्चेत आलेल्या बहुतेकांपेक्षा जास्त फाडलेली. होल या बँडचा 'लिव्ह थ्रू धिस' एप्रिल १९९४ चा. 'फाडलेला आवाज' आणि 'सर्वांना भिडणं' या तुमच्याच दोन कसोट्या या दोन अल्बमना लावून बघा, मग यादी पुन्हा मांडा.

खुंटी
एल सेव्हन लॉस एंजेलिसचा. सिॲटलबाहेरचा धरायचा तर सॅन दिएगोचा स्टोन टेंपल पायलट्सही आत येतो, आणि त्याला मी ग्रंज मानत नाही.

उंबरठा
मग कर्ट कोबेनचं गाव ॲबरडीन कुठे आहे? सिॲटलपासून शंभर मैलांच्या आसपास. नकाशानं ठरवायचं तर आधी तेही ठरवा.