मदत हवी आहे: जुनं चित्र अल्बमच्या कव्हरवर वापरायचंय

मंडळी, आमचा पुण्यातला छोटा इंडी रॉक बँड पहिला अल्बम काढतोय आणि कव्हरसाठी जुनं चित्र घ्यायचं चाललंय.

डोक्यात दोन नमुने आहेत. फ्लीट फॉक्सेस या बँडच्या २००८च्या पहिल्या अल्बमवर जुना चित्रकार ब्रूगेल याचं १५५९चं म्हणींचं चित्र आहे, शंभराहून जास्त म्हणी एका गावात कोंबलेल्या. कितीही वेळ पाहा, नवीन काहीतरी सापडतंच. आणि न्यू ऑर्डर या बँडच्या १९८३च्या ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’वर फ्रेंच चित्रकार फाँतँ-लातूरचे गुलाब, कोपऱ्यात डिझायनर पीटर सॅव्हिलची रंगांची सांकेतिक पट्टी. मला दुसरा जास्त आवडतो. नुसतं चित्र चिकटवण्यापेक्षा त्या एका पट्टीनं सगळं बदलतं. (ड्रमर ब्रूगेलवाला आहे, वाद चालू आहे.)

आमची पसंती चित्रकार एम. व्ही. धुरंधरांच्या एका चित्राला. ते १९४४ साली गेले, म्हणजे कॉपीराइटची मृत्यूनंतरची ६० वर्षं कधीच उलटलीत. पण संग्रहालयानं काढलेल्या फोटोचा हक्क वेगळा असतो का? परवानगी कोणाकडे मागायची, साधारण किती शुल्क घेतात? न्यू यॉर्कचं मेट किंवा अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम ही संग्रहालयं देतात तशा फुकट मोठ्या फाइल्स आपल्याकडच्या चित्रांच्या कुठे मिळतात? बारा इंची कव्हरला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) ३६०० पिक्सेल लागतात. नेटवर मिळालेली प्रत त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा. छपाईवाल्याचं नाव सुचवलंत तरी चालेल.