'कर', 'जकात' की 'मुद्रांक शुल्क'? (संदर्भ : अमेरिकी क्रांती)

प्रश्न : १७६४ ते १७७३ या काळातल्या ब्रिटिश कायद्यांबद्दल मराठीत लिहिताना सगळ्यांना सरसकट 'कर' म्हटले तर चालेल का? आणि वसाहतींच्या विरोधाला 'करबंदी' म्हणावे का?

प्रतिसाद १ : सरसकट 'कर' नको. बंदरात मालावर लागते ती जकात. परकीय मळीवर (काकवी नव्हे, रम गाळायला लागते ती मळी) १७३३ पासून गॅलनला ६ पेन्स जकात होतीच, पण व्यापारी अधिकाऱ्यांचे हात ओले करून ती चुकवत. १७६४ च्या शुगर अ‍ॅक्टने ती ३ पेन्सवर आणली आणि वसुली मात्र कडक केली. खटले ज्यूरी नसलेल्या नाविक न्यायालयांत चालू लागले. दर निम्मा झाला तरी ओरड वाढली, तेव्हा इथे 'करवाढ' लिहिणे सपशेल चूक.

१७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट म्हणजे मुद्रांक शुल्क. 'तिकीट कायदा' लिहू नये, टपालाशी त्याचा संबंध नाही. दस्त, परवाने आणि वृत्तपत्रांसाठी शिक्का उमटवलेलाच कागद घ्यावा लागे. पत्त्यांच्या कॅटवर १ शिलिंग, फाशांच्या जोडीवर १० शिलिंग, आणि पैसे स्टर्लिंगमध्ये. वसाहतींत नगद नाण्यांची आधीच चणचण होती, त्यामुळे ही अट फार बोचली.

प्रतिसाद २ : 'करबंदी'बद्दल. शेतसारा सरकार थेट मागते, म्हणून १९२८ मध्ये बारडोलीत तो नाकारता आला. जकात मालाच्या किमतीतच मुरलेली असते. ती नाकारायची तर माल घेणेच थांबवावे लागते. म्हणून बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनी केले ते 'आयातबंदीचे करार'. मुद्रांकाच्या बाबतीत वेगळी युक्ती होती : जमावाने धाक घालून वितरकांचे राजीनामे घेतले. १ नोव्हेंबर १७६५ ला कायदा लागू झाला, पण कागद विकायला जवळपास कोणी उरले नव्हते. मार्च १७६६ मध्ये तो रद्द झाला.

प्रतिसाद ३ : पहिल्या प्रतिसादाला एक पुरवणी. 'कर नाही, जकात चालेल' अशी सोपी विभागणी वसाहतींचीही नव्हती. १७६७ मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहावर जकात लावली, तेव्हा वसाहतींतला वकील जॉन डिकिन्सनने मांडले की व्यापाराला वळण लावणारी जकात मान्य, महसूल उकळण्यासाठी लावलेली अमान्य. अशा ठिकाणी 'महसुली जकात' लिहावे.

१७७० मध्ये बाकीच्या वस्तूंवरची उठली, चहावरची पौंडाला ३ पेन्स राहिली. १७७३ च्या टी अ‍ॅक्टने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्तच होणार होता. (तो चहा चीनचा होता, नाव 'ईस्ट इंडिया' म्हणून तो भारतातला समजू नये.) पण स्वस्त चहा घेणे म्हणजे पार्लमेंटचा जकातीचा हक्क कबूल करणे. जहाज आल्यापासून २० दिवसांत जकात भरली नाही तर कस्टम्सला माल जप्त करता येई. बोस्टन बंदरात चहा घेऊन आलेल्या 'डार्टमाउथ' जहाजाची मुदत १७ डिसेंबरला भरत होती, म्हणून १६ च्या रात्री विरोधकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात टाकल्या.

प्रतिसाद १ : 'महसुली जकात' पटले. १७७४ पासून मात्र 'करविरोध' हा शब्दच अपुरा पडतो. चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून पार्लमेंटने बोस्टन बंदर बंद केले, मॅसॅच्युसेट्स वसाहतीची सनद बदलली. तिथे 'सनदी हक्कांचा लढा' लिहावे. 'बंड' हा राजाचा शब्द, ऑगस्ट १७७५ च्या जाहीरनाम्यातला. तो ब्रिटिश बाजू सांगतानाच वापरावा.