शिवाजी पार्कचा जुना फ्लॅट: लादी झाकायची का?

पार्कवासी:
आजोबांचा फ्लॅट आता आमच्याकडे आलाय. बिल्डिंग चाळीसच्या दशकातली, गोल बाल्कनी, सागवानी खिडक्या, हॉलमध्ये सिमेंटची नक्षीवाली लादी. इंटिरियरवाला म्हणतो लादीवर मायक्रोसिमेंट (सिमेंटचा पातळ थर) मारू, किचनची भिंत पाडू, खिडक्या काढून ॲल्युमिनियम स्लायडिंग लावू. मला भिंतीचं पटतंय, बाकी जिवावर येतंय. काय करू?

सागवान७१:
लादीला हात लावू नका हो! ती भट्टीत भाजलेली नसते, प्रेसखाली दाबलेली असते आणि रंग वरच्या जाड थरात असतो, म्हणून घासून पॉलिश केली की परत उजळते. मुंबईत भारत टाइल्स १९२२ पासून करतायत. मायक्रोसिमेंट एकदा धरलं की काढताना नक्षीसकट निघेल. आणि स्लायडिंग म्हणजे कायम अर्धीच खिडकी उघडी, मे महिन्यात कळेल.

लिंबूटिंबू:
सागवान, तुम्ही जूनमध्ये कधी ती खिडकी लावून बघितलीय का, लाकूड इतकं फुगतं की खांदा लावायला लागतो आणि वर पाणी आत येतं ते वेगळंच. मुळात या घरांचा प्लॅन कुणासाठी होता? स्वयंपाकघर मागे, कित्येक बिल्डिंगांत मोरी साफ करणाऱ्यासाठी मागून वेगळा जिना. आमच्या आजीचा जन्म त्या खोलीत धूर खात गेला. पाडा ती भिंत, खुशाल पाडा.

सागवान७१:
भिंतीबद्दल मी बोललोच नाही! फुगलेली खिडकी सुतार रंधा मारून देतो, त्यासाठी भंगारात कशाला? ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हची आर्ट डेको घरं (तुमच्यासारखीच, गोल बाल्कनीच्या जुन्या शैलीची) २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेली, पार्क त्यात नाही, म्हणजे इथे वाचवायचं ते घरवाल्यांनीच.

सिव्हिलवाला:
भांडा नंतर. भिंत नुसती पार्टिशन आहे की वरचा भार घेतेय हे आधी इंजिनियरकडून बघून घ्या, सोसायटी आणि पालिकेची परवानगी लागेल ती वेगळी. तिसाहून जास्त वर्षांच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) सक्तीचं आहे, तो रिपोर्ट मागा. समुद्राच्या हवेने सळई गंजून फुगते, स्लॅबचं प्लॅस्टर सुटतं, आणि लोक त्याच्याखाली फॉल्स सीलिंग मारून मोकळे होतात. ते अजिबात करू नका.

पार्कवासी:
फॉल्स सीलिंगचं कोटेशन पण आलंय, बोललो नव्हतो :) बरं, लादी राहणार. भिंतीसाठी इंजिनियर बोलावतो. खिडक्यांचं आई आणि बायको मिळून ठरवतायत, दोघी स्लायडिंगवाल्या.

लिंबूटिंबू:
पावसात पुसायला त्याच लागतात ना.