मदत हवी आहे: बंद फ्लॅट आणि गंजलेले कॅमेरे

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत समुद्राजवळ आमची छोटी सोसायटी. निम्मे मालक मुंबईला. गणपती, शिमगा नि मे महिना सोडला तर दारांना कुलपंच. गेल्या आठवड्यात मागच्या गडग्यावरून कोणीतरी आत उतरलं, एका बंद फ्लॅटची कडी उचकटलेली सापडली. पोलिसांत तक्रार दिली आहे, 112 नंबर जिन्यात लावलाय. पण खाऱ्या हवेने कॅमेऱ्यांचे स्क्रू, कनेक्टर दोन पावसाळ्यांत गंजले, त्यामुळे रेकॉर्डिंगच नाही. साध्या 304 ऐवजी 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील खाऱ्या हवेत जास्त टिकतं, तसे स्क्रू-ब्रॅकेट कोणी बसवलेत का? कुठे मिळतात? आणि मुंबईकर मालकांना वेळच्या वेळी खबर कशी पोचवता? वरच्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात, त्या रात्रभर दिवा मालवत नाहीत हो.