घरातला ट्रामवाला, जो लढाईवर गेला

दादरला टी. टी. म्हणतात ते ट्राम टर्मिनसमुळे. मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून दादरला आली. ट्रामची नोकरी सोडून पलटणीत गेलेलं कोणी तुमच्या घरात होतं का? असेल तर लिहा, वर नावाऐवजी आपला भाग टाका. आधी माझंच सांगतो.

नौपाडा
आजोबा ट्रामवर कंडक्टर. गाव माणगाव तालुक्यात, खोली परळला. 1942 च्या पावसाळ्यानंतर बेळगावला गेले, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी, म्हणजे पहिल्या पलटणीत. सप्टेंबर 1943 मध्ये त्यांची आठवी भारतीय डिव्हिजन इटलीत टारंटोला उतरली आणि नोव्हेंबरात सांग्रो नदीवर पोचली. नदी पावसाने फुगलेली, पलीकडच्या टेकड्यांवर जर्मन. आजोबा तिथेच गेले. माझ्या वडिलांना त्यांनी कधी पाहिलंच नाही.

ते गेल्याच्या तारेतली तारीख घरात कोणाच्या लक्षात राहिली नाही, पुढे तारही हरवली. तिथी माहीत नाही म्हणून आजी आयुष्यभर सर्वपित्रीला पान वाढायची. त्यांचा पितळी बिल्ला देवघरात होता, दसऱ्याला चिंच लावून घासायची.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मी तीन वर्षं शोधलं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग भलतंच होतं आणि पत्त्यात 'कुलाबा'. मला वाटलं ट्रामचा कुलाबा, म्हणून ती नोंद दोनदा सोडून दिली. तेव्हा आपला रायगड म्हणजेच कुलाबा जिल्हा, हे उशिरा सुचलं. त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, सगळं जुळलं. कबर नाही, दहन झालं. सांग्रोच्या दहन-स्मारकावर पाचशेहून जास्त नावं आहेत, त्यात त्यांचं आहे.

तारखेवरून गुरुजींनी तिथी काढली, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया. आजी तोवर गेली होती. आता पितृपक्षात तृतीयेला दोघांचं पान वाढतो.

ऐरोली
आमचे आबा परत आले. काळी पाचवी, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच दुसरी पलटण. 21 जून 1942 ला लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा कैद झाले. छावणीबद्दल एवढंच सांगायचे की भूक फार होती. आमच्याकडे भाकरीचा तुकडाही टाकलेला त्यांना चालत नसे. सुटल्यावर पुन्हा ट्रामवर, मोटरमन. ट्राम बंद झाली त्या रात्री घरी आले आणि न जेवता झोपले, असं आई सांगते. शेवटच्या आजारात उजवा पाय खाटेवर आपटत राहायचा. डॉक्टर काही म्हणोत, आजी म्हणायची, घंटा देतायत, वाटेत कोणी आलं असेल.

कळवा
माझं पहिल्या महायुद्धातलं आहे, चालेल ना? पणजोबा ट्रामकडे खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार होते, मग 117 व्या मराठा पलटणीत. इराकमधल्या कुतचा वेढा 29 एप्रिल 1916 ला शरणागतीने संपला, ते त्याआधीच गेले. घरात वीतभरापेक्षा लहान एक काशाची चकती होती, आजी तिने दुधाचं पातेलं झाकायची. त्यावर पणजोबांचं नाव उठावदार अक्षरांत आहे, हे मी इंग्रजी शिकल्यावर वाचलं. फक्त नाव, हुद्दा नाही. मेलेल्या प्रत्येकाच्या घरी अशी चकती पाठवायचे, साहेब असो की शिपाई. तिकडच्याच बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली, शिपायांची पलटणवार नुसती संख्या. मला याचा अजूनही राग येतो. आमच्या पातेल्यावर होतं ते नाव त्या दगडावर नाही.

कोपरी
आमच्याकडे फक्त फोटो आहे. आजोबा रुळांच्या गँगमध्ये होते, लढाई सुरू झाल्यावर गेले आणि आलेच नाहीत. आई तेव्हा दीड वर्षाची, आता सत्त्याऐंशी. पलटण कुठली तेही माहीत नाही. कुठून सुरू करू?

नौपाडा
ताई, फोटोच्या मागे नंबर आहे का बघा. आडनाव चार-पाच प्रकारे लिहून शोधा, गाव कोकणातलं असेल तर कुलाबा किंवा रत्नागिरी. गाव आणि वडिलांचं नाव जुळल्याशिवाय मानू नका.

कोपरी
सापडलं. फोटोच्या मागे नंबर होता, पेन्सिलने. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, मार्च 1941, इरिट्रियातलं केरेन. तिथल्या दहन-स्मारकावर नाव आहे. नोंदीत वडिलांचं नाव, गाव, आणि खाली आजीचंही नाव आहे. आईला वाचून दाखवलं. तिने आजीच्या नावाची ओळ परत वाचायला लावली.