कोजागरीच्या चपला

(सोसायटीचा ग्रुप, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, रविवार)

बी-२०४ काकू, सकाळी ७.०५: सुप्रभात. काल गच्चीवर माझी उजव्या पायाची कोल्हापुरी चुकून कोणी घालून गेलंय का? डावी मिळाली, उजवी नाही. मी दाराच्या डाव्या बाजूला काढली होती, तिथे काहीच नव्हतं. सगळ्यांच्या चपला कोणीतरी भिंतीकडेला ओळीत मांडून ठेवल्या होत्या.

ए-५०४ दादा: काकू, एकच चप्पल नेणारा चोर म्हणजे लंगडी खेळणारा असणार.

सेक्रेटरी ए-१०१: मलाही नवल वाटलं. साठ-सत्तर जोड असतील, सगळे जोडीनं, टाचा भिंतीकडे. निघताना नुसता पाय घालायचा. वॉचमनला शाबासकी दिली तर म्हणतो, साहेब मी नाही.

बी-३०१ वहिनी: आमच्या चिरंजीवांचे बूट तर पुसलेले होते! घरी आल्यावर मला वाटलं, याला अक्कल आली.

बी-६०३ ताई: काकू, माफ करा हं. ते काम आमच्या दारजींचं, माझ्या सासऱ्यांचं. वर भजन चाललं होतं तेव्हा ते जिन्यात बसून तेच करत होते. मी दूध घेऊन खाली आले तेव्हा बघितलं. तुमची उजवी चप्पल कुठं ठेवली ते विचारून सांगते, आत्ता पाठाला बसलेत.

बी-२०४ काकू: अगं बाई! एवढ्या वयाच्या माणसानं आमच्या चपलांना हात लावला? मला कसंतरीच वाटायला लागलं.

बी-६०३ ताई: काकू, तसं नका वाटून घेऊ. गुरुद्वाऱ्यात दाराशी जोडाघर असतं. आत जाताना चपला तिथं द्यायच्या, टोकन घ्यायचं. त्या खिडकीमागं उभं राहायला मिळावं म्हणून लोक वाट बघतात. आमच्या नांदेडात मी लहानपणी बघायची, मोठमोठ्या गाडीतून उतरलेला माणूस आत जाऊन पहिलं काम काय करायचा, तर डोक्याला रुमाल बांधून लोकांच्या जोड्यांची धूळ पुसायची. कुणाचे जोडे, ते बघायचं नाही. दारजी तिथं असताना दर रविवारी जायचे. इथं आल्यापासून त्यांच्या हातांना चैन पडत नाही, म्हणून चपला दिसल्या की झालं.

सेक्रेटरी ए-१०१: ताई, वार्षिक सभेत दारजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. मी आजच विषयपत्रिकेत टाकतो.

ए-३०२ सर: अनुमोदन.

बी-३०१ वहिनी: अनुमोदन. फोटो पण काढू.

बी-६०३ ताई: सर, सेक्रेटरीसाहेब, हात जोडते, नका करू. ते रागावणार नाहीत, पण त्या दिवशी सभेला येणार नाहीत आणि पुढच्या वर्षी चपलाही लावणार नाहीत. ते म्हणतात, सेवेची पावती घेतली की ती नोकरी झाली.

वकीलसाहेब सी-४०१: एक शंका. सत्कार नाकारण्यातही एक ऐट असते. ‘बघा, मी किती साधा.’ हा अहंकार नव्हे काय?

(इथे ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. वकीलसाहेबांनी विचारलं की असं होतंच.)

बी-६०३ ताई: पाठ झाला. दारजींना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. खूप हसले. म्हणाले, ‘वकील बरोबर बोलतोय, रोग तोच आहे.’ आमच्यात त्याला हउमै म्हणतात. हउ म्हणजे मी, मै म्हणजेही मी. मी-मी. आमचे दुसरे गुरू, गुरू अंगददेव, यांची ओळ आहे, आसा दी वार या वाणीत येते, रोज पहाटे गायली जाते: हउमै दीरघ रोगु है दारू भी इसु माहि.

ए-५०४ दादा: थांबा थांबा. रोगावर दारू? अध्यात्मात मला आजपासून रस आहे.

ए-३०२ सर: गप रे. दवादारूतली दारू ती. औषध. रोग जुनाट आहे, पण औषधही त्याच्यातच आहे, असा अर्थ.

बी-६०३ ताई: सर, अगदी तसंच. दारजी म्हणतात, मीपणा दाराबाहेर चपलेसारखा काढून ठेवता येत नाही. चपला लावताना पण तो येतो, ‘बघा मी लावतोय’. मग तो आला हे कळलं की पुन्हा पुढची चप्पल उचलायची. औषध म्हणजे हेच, कळणं. काल त्यांना दोनदा आला म्हणे. एकदा सेक्रेटरीसाहेब जिन्यातून गेले तेव्हा.

सेक्रेटरी ए-१०१: आणि मला वाटलं ते पाय मोकळे करायला बसलेत.

बी-३०१ वहिनी: ताई, सगळं पटतं गं. पण हे कधी करायचं? साडेपाचला उठते, दोन डबे, मुलाची व्हॅन, मग माझी लोकल. संध्याकाळी येऊन अभ्यास. देवासमोर दिवा लावते तेव्हा डोक्यात कुकरच्या शिट्ट्या असतात. मी तर ठरवून टाकलंय, अध्यात्म साठीनंतर.

ए-५०४ दादा: मी पासष्टनंतर. पेन्शन नाही आम्हाला.

बी-६०३ ताई: वहिनी, माझं काय वेगळंय? सकाळचं जपजी साहिब मी पोळ्या लाटतानाच म्हणते. दारजी म्हणतात, खाली बसून म्हण. यावरून आमचं लग्नापासून भांडण आहे. ते स्वतः अमृतवेळेला, म्हणजे पहाटे अंधारातच, उठतात, आंघोळ करतात, गुटका घेऊन बसतात.

ए-५०४ दादा: दारजी गुटखा???

बी-६०३ ताई: गुटका! रोजच्या वाणीची छोटी पोथी. तंबाखू तर आमच्यात पूर्ण वर्ज्य. एकदा तो गुटका लिफ्टमध्ये विसरला होता आणि मी वॉचमनला फोन करून म्हटलं, दारजींचा गुटका सापडला का? त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. सापडल्यावर त्यानं तो दोन बोटांत धरून आणून दिला.

ए-३०२ सर: वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच माणसानं दिलेलं आहे हो. जरा लांबण लावतो, चालेल ना? २०१५ साली मी घुमानला गेलो होतो, अठ्ठ्याऐंशीव्या साहित्य संमेलनाला. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव. नामदेव महाराज तिथे राहिले असं तिकडची माणसं आपलेपणानं सांगतात, ‘बाबा नामदेव’ म्हणतात. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यातलं एक रामकली रागातलं आहे. पहिली ओळ बघा: आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले. आणिले, कापिले. पाचशे कोसांवर जाऊनही शिंप्याच्या पोराच्या तोंडून क्रियापदाला ‘ले’ सुटला नाही! मला तिथे मंडपात बसल्याबसल्या भरून आलं होतं.

ए-५०४ दादा: सर, अर्थ.

ए-३०२ सर: पोरानं कागद आणला, पतंग कातरला, आकाशात सोडला. पाच जणांशी गप्पा मारतोय, पण चित्त दोरीवर. पुढे पाणी आणणाऱ्या मुली. हसतात, खिदळतात, पण चित्त डोक्यावरच्या घागरीत. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरापाशी. आणि शेवटी, वहिनी, हे तुमच्यासाठी: बाळ पाळण्यात निजवलंय, आई आतबाहेर कामात बुडालीय, पण चित्त बाळापाशी. संत त्रिलोचनांना उद्देशून म्हणतात हे.

बी-३०१ वहिनी: ऑफिसात मीटिंग चालू असते आणि शाळेचा फोन येईल का, हे कानात असतंच. ते तर मला शिकवायला नको.

ए-३०२ सर: तेवढंच म्हणणं आहे. याच त्रिलोचनांनी नामदेवांना टोकल्याचा संवाद कबीरांच्या श्लोकांत आहे. मित्रा, कापडं छापत काय बसलास, रामात चित्त का लावत नाहीस? नामदेव उत्तर देतात: हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि. हातापायांनी सगळं काम कर, चित्त त्याच्यापाशी. धंदा सोड असं म्हणत नाहीत.

बी-६०३ ताई: सर, हे दारजींना वाचून दाखवते. आमच्यात सांगतात ना, नाम जपो, किरत करो, वंड छको. किरत म्हणजे घामाची कमाई, आणि वाटून खायचं. गुरू नानकसाहेब एवढं जग फिरून आले आणि शेवटी रावीकाठी करतारपूरला शेतीच करत राहिले. नांदेडात रोज पहाटे अंधारात एक सेवादार गोदावरीतून घागर भरून तख्त साहिबला, तिथल्या मोठ्या गुरुद्वाऱ्यात, आणतात. लहानपणी आजी मला दाखवायची आणि म्हणायची, बघ, रस्त्यात खड्डे आहेत, कुत्री आहेत, पण ह्यांचं ध्यान घागरीवर. आज सरांचं पद वाचलं आणि आजीच आठवली.

वकीलसाहेब सी-४०१: सगळं गोड आहे. पण मला दोन गोष्टी खटकतात. एक, तुमच्या लंगरच्या पंगतीत सगळे एका रांगेत बसतात, मग लग्नाच्या जाहिराती जातीनिशी का?

बी-६०३ ताई: खरं आहे. वाणीत नाही, माणसांत आहे. पंगतीत शेजारी बसतात आणि सोयरीक करताना उठतात. माझ्या लग्नात पण विचारणा झाली होती. यावर मी काही सफाई देणार नाही.

वकीलसाहेब सी-४०१: हे आवडलं. दुसरं. तुमच्यात हुकूम, म्हणजे देवाची मर्जी, मानायचा म्हणतात. आपल्याकडे ‘ठेविले अनंते’. मग बिल्डरनं अजून कन्व्हेयन्स दिलेलं नाही, जमीन सोसायटीच्या नावावर केलेली नाही, तो पण हुकूमच का? केस मागे घेऊ?

सेक्रेटरी ए-१०१: साहेब, असं गमतीतही म्हणू नका, बिल्डरचा मेहुणा ग्रुपवर आहे.

बी-६०३ ताई: दारजींनी स्वतः सांगितलंय, मी फक्त टाइप करतेय. ‘हुकूम म्हणजे हातावर हात नव्हे. पाऊस पडतोय हा हुकूम. छत्री उघडायची नाही असा हुकूम कुणी दिला?’ जपजीच्या दुसऱ्या पौडीच्या, म्हणजे कडव्याच्या, शेवटी आहे: नानक हुकमै जे बुझै त हउमै कहै न कोइ. ज्याला हुकूम कळला तो ‘मी, मी’ म्हणत नाही. म्हणजे केस लढा, पण केस जिंकली तर ‘मी जिंकली’ नको आणि हरली तर रात्रभर बिल्डरला शिव्या देत जागरण नको. दारजींचा एक धंदा बुडाला होता. कोर्टात अकरा वर्षं गेले, एकही तारीख चुकवली नाही. निकाल विरुद्ध लागला त्या रात्री जेवून झोपले. सासूबाई मात्र झोपल्या नाहीत, ते पण सांगते.

ए-३०२ सर: वकीलसाहेब, यांच्या प्रार्थनेला अरदास म्हणतात, तो शब्दच मुळी फारसी अर्जदाश्तवरून आलाय. आपल्या जुन्या कागदपत्रांत अर्जदास्त असतो तोच. हुकूम मानणारे रोज उभं राहून, हात जोडून अर्जही करतातच.

वकीलसाहेब सी-४०१: अर्ज आणि हुकूम, दोन्ही आमच्याच खात्यातले. बरं, मुद्दा नोंदवून घेतला. मान्य केलेला नाही.

सेक्रेटरी ए-१०१: सर्वांना सूचना. आत्ताच फोन आला. आजचा टँकर येणार नाही, उद्या दुपारपर्यंत बघू म्हणाले. बी आणि सी विंगच्या टाक्या तळाला आहेत. कृपया पाणी जपून वापरा. गाड्या धुऊ नका.

बी-३०१ वहिनी: रविवारीच!!! कपडे भिजवलेत हो मी.

सी-७०२: दर वेळेला बी आणि सी विंगलाच का?

ए-५०४ दादा: ताई, दारजींना विचारा, याला काय म्हणायचं? हुकूम की बिल्डर?

बी-६०३ ताई: विचारलं. ते म्हणाले, टाकी मस्तान झाली म्हणा.

ए-५०४ दादा: म्हणजे???

बी-६०३ ताई: खालसा बोले म्हणतात. निहंग सिंगांची, आमच्यातल्या लढवय्यांची, जुनी भाषा. लढायांच्या काळात जंगलात राहायचे, खायला नसायचं. पण ‘नाही’ म्हणायचं नाही. भाजलेले चणे म्हणजे बदाम. कांदा म्हणजे रूपा. एकटा सिंग आला तर ‘सवा लाख आले’. आणि शिधा संपला, चूल पेटायची नाही, तर ‘लंगर मस्ताना झाला’. लंगर आपल्याच मस्तीत आहे, आज वाढणार नाही. मन असं चढतं ठेवायचं, त्याला चढदी कला म्हणतात. अरदासच्या शेवटी रोज येतं, नामानं चढदी कला राहो आणि तुझ्या मर्जीत सरबत दा भला, सगळ्यांचं भलं. सगळ्यांचं म्हणजे बिल्डरचं पण, असं दारजी म्हणतायत. ते मी टाइप करणार नव्हते.

वकीलसाहेब सी-४०१: त्या वाक्याला माझी हरकत नोंदवा.

बी-२०४ काकू: ताई, माझी चप्पल?

बी-६०३ ताई: अरे हो! काकू, दारजी म्हणतात एका कोल्हापुरीचा अंगठा उसवला होता, म्हणून त्यांनी शिवायला घरी आणली. उजवीच आहे. दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन बसलेत आत्ता. दुपारपर्यंत देतील. पैसे विचारू नका, प्लीज.

बी-२०४ काकू: आता मी काय बोलू. शिरा करून आणते वर.

बी-६०३ ताई: आणा. पण तूप, रवा, साखर एकसारखी घ्या बरं का, दारजींना कडाह प्रसादाची सवय आहे. आमच्यात कणीक घेतात, पण रवा चालेल. आणि पुढच्या पौर्णिमेला गुरू नानक जयंती आहे, त्या दिवशी सगळ्यांनी लंगरला यायचं. चपलांचं दारजी बघतील.

ए-५०४ दादा: मी पण बघतो चपलांचं. पण मला आत्तापासूनच ‘बघा मी लावणार’ असं वाटायला लागलंय.

बी-६०३ ताई: दारजी म्हणतात, याला घ्या, रोग ओळखला याने.

सेक्रेटरी ए-१०१: सी विंगची टाकी पण मस्तान झाली आहे. मोटर बंद केली आहे.

बी-३०१ वहिनी: ए विंगमध्ये कोणाकडे दोन बादल्या मिळतील का? कपडे साबणात आहेत.

ए-३०२ सर: या. लिफ्टनं या, जिन्यानं सांडेल.

ए-५०४ दादा: चित्त घागरीवर ठेवा, वहिनी.