लोअर केलेल्या गाडीसाठी घरी बनवलेला चेंबर गार्ड: पत्रा कोणता घ्यावा आणि तो कशावर कसावा?

घाटरस्ता

नमस्कार. माझ्याकडे दुसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट आहे. आधीच्या मालकाने आखूड स्प्रिंगा बसवून ती सुमारे 40 मिमी खाली आणलेली आहे. मूळ ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळापासून जमिनीपर्यंतची मोकळी जागा) 170 मिमी होता. आता 130 उरतो आणि चार माणसे बसली की तेवढाही राहत नाही. वळणावर गाडी ज्या तऱ्हेने बसते ती मला आवडते, त्यामुळे जुन्या स्प्रिंगा परत घालण्याचा विचार तूर्त नाही. मात्र पुण्यात आमच्या भागातील अरुंद, उभट गतिरोधकांवर चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) लागतो, आणि ड्रेन नटाच्या (ऑइल काढायच्या नटाच्या) कडा घासून गोल होऊ लागल्या आहेत. तयार मिळणारे गार्ड मूळ उंचीच्या गाडीसाठी असल्याने फारच खाली लोंबतात. 3 मिमीचा लोखंडी पत्रा वाकवून तो चेंबरच्याच बोल्टांवर कसावा, असे एका गॅरेजमध्ये सुचवले गेले. हे योग्य ठरेल का? पत्रा लोखंडाचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

लेथवाला

चेंबरच्या बोल्टांवर गार्ड कसण्याची सूचना कृपया स्वीकारू नका. ते बोल्ट बारीक असतात आणि त्यांचे काम चेंबर इंजिनच्या ब्लॉकला दाबून ऑइलची गळती थांबवणे एवढेच आहे. गार्डला बसलेला प्रत्येक धक्का त्यांच्यामार्फत थेट ब्लॉकच्या आट्यांवर जाईल, म्हणजे ज्याला वाचवायचे त्याच्याच अंगावर आपण मार ओढवून घेऊ. गार्डची मागची बाजू सबफ्रेमवर (इंजिनखालच्या मजबूत लोखंडी चौकटीवर) आणि पुढची बाजू रेडिएटरखालच्या आडव्या पट्टीवर घ्यावी. ही पुढची पट्टी अनेक गाड्यांत पातळ पत्र्याची असते, म्हणून मुख्य भार सबफ्रेमनेच पेलावा आणि पत्रा तिच्या खालच्या अंगाला टेकलेला असावा. खालून बसणारा धक्का पत्र्यातून सबफ्रेमवर जावा. बोल्टांनी पत्रा केवळ जागेवर धरून ठेवावा.

आता चेंबर नेमका का लागतो ते पाहू, कारण गार्डचा आकार त्यावरून ठरतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंमी उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर 2430 मिमी आहे, म्हणजे अशा कमानीवर दोन्ही चाके चढलेली असताना त्यांच्यामध्ये कमानीचा मधला भाग साधारण 43 मिमीच वर येतो आणि आपली गाडी सावकाश जाताना आरामात निघून जाते. गल्लीतला हातभर रुंदीचा उंचवटा मात्र दोन चाकांच्या मध्ये पूर्णच मावतो, त्यामुळे 10 सेंमी उंचीचे पूर्ण 100 मिमी वजा होऊन हाती 30 उरतात. त्यात पुढची चाके उंचवट्यावरून उतरताना स्प्रिंग दबते, आणि नेमक्या त्याच क्षणी चेंबर उंचवट्याच्या माथ्यावर असतो. पाय ब्रेकवर असेल तर नाक आणखी खाली जाते; म्हणून वेग आधीच कमी करून चढण्यापूर्वी ब्रेक सोडावा. याला खर्च शून्य आहे आणि गार्ड बसवल्यावरही ही सवय लागणारच आहे.

यावरून उघड होते की गार्डची स्वतःची जाडी आणि चेंबरपासूनची मोकळी जागा, दोन्ही आपल्या तुटपुंज्या क्लिअरन्समधूनच जातात. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून चेंबर आणि पत्रा यांत 12 ते 15 मिमी अंतर लागतेच. त्याहून जास्त ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. गार्डने उंचवट्यावरून घसरत जावे, अडू नये, यासाठी पुढची कड 20 अंशांच्या आसपास वर वळवून बंपरच्या ओठाच्या मागे लपवावी. बोल्टांची डोकी खाली उघडी ठेवू नयेत. पत्र्यात वाटीसारखा खळगा ठोकून त्यात चपट्या डोक्याचे एम8 (8 मिमी) बोल्ट बसवले तर पहिल्याच घासणीत त्यांची डोकी झिजणार नाहीत. अन्यथा पुढच्या ऑइल बदलाला ते ग्राइंडरने कापावे लागतात.

पत्र्याबाबत मी ॲल्युमिनियमच्या बाजूने आहे. 600 बाय 500 मिमीचा 3 मिमी लोखंडी पत्रा सुमारे 7 किलो भरतो, तर तितकाच न वाकणारा 4.3 मिमी जाडीचा ॲल्युमिनियम पत्रा साडेतीन किलोच्या आत येतो. बाजारात 4 मिमी सहज मिळतो आणि तो चालेल. मात्र दुकानदाराकडे 5052 या मिश्रधातूचा पत्रा मागावा. 6061 हा मिश्रधातू जास्त ताकदीचा असला तरी टी6 (उष्णता देऊन कडक केलेल्या) अवस्थेत काटकोनाच्या जवळ वाकवला की घडीच्या बाहेरच्या अंगाला बारीक चिरा पडतात, आणि त्या रंग मारल्यावर दिसत नाहीत.

भरतीओहोटी

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत असलो, तरी किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ॲल्युमिनियम निवडण्यापूर्वी थोडे थांबावे. खारट ओलाव्यात लोखंडी सबफ्रेमला ॲल्युमिनियम थेट टेकवले तर ॲल्युमिनियम झिजत जाते, बोल्टाभोवती पांढरी भुकटी जमते आणि काही काळाने भोक मोठे होऊन गार्ड खडखडू लागतो. मध्ये रबराची पट्टी आणि नायलॉनचे वायसर घालावेत. रत्नागिरीकडे मी 2.5 मिमीचा गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पत्राच पसंत करतो: मार बसला तर वाकतो, हातोड्याने सरळ होतो आणि कोणत्याही गावात वेल्डिंग होते. मात्र वेल्डिंगपूर्वी जस्ताचा थर घासून काढावा, कारण त्याचा धूर अपायकारक असतो.

साधावाचक

एक वेगळा मुद्दा. गार्डपेक्षा गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगा हाच कायद्याच्या दृष्टीने नाजूक भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

घाटरस्ता

सर्वांचे आभार. पुठ्ठ्याचा साचा कापायला घेतला आहे. दोन शंका उरतात: खालून सगळे बंद केल्यास इंजिन तापणार नाही का, आणि ऑइल बदलताना दरवेळी पूर्ण गार्ड उतरवावा लागेल का?

लेथवाला

सगळे बंद करूच नका. रेडिएटरमधून आत आलेली हवा बऱ्याच अंशी इंजिनखालूनच बाहेर पडते, म्हणून दोन्ही बाजूंना फट ठेवावी आणि मागच्या अर्ध्या भागात तिरक्या खाचा पाडाव्यात. खाचांची तोंडे मागच्या दिशेला असावीत. पुढे ठेवली तर पावसाळ्यात चिखल उपसून आत भरला जाईल. एक्झॉस्ट पाइप पत्र्यावरून जात असेल तिथे निदान 25 मिमी अंतर लागेल, आणि तिथे रबर किंवा प्लॅस्टिक काहीही वापरू नये.

ड्रेन नटाखाली 50 मिमीचे भोक आणि ऑइल फिल्टरखाली हात जाईल एवढी खिडकी ठेवावी. त्यांच्या कडा वरच्या बाजूला वळवल्या तर त्या उंचवट्यात अडकत नाहीत आणि पत्राही ताठ होतो. भोक नटाच्या थोडे मागे सरकवावे, कारण ऑइलची पहिली धार सरळ खाली न पडता तिरकी उडते आणि भोक चुकले तर निम्मे ऑइल गार्डवरच साचते. साचा मोजण्यासाठी गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका; स्टँड लावा आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे घाला. माप गाडी जमिनीवर चारही चाकांवर उभी असताना एकदा तपासून घ्यावे, कारण चाके लोंबत असताना सस्पेन्शनचे आर्म वेगळ्या जागी दिसतात आणि पत्रा त्यांना आपटणार आहे की नाही हे कळत नाही.